फोनवर नेट चालतंय, कॉम्प्युटरवरच बंद : दोन फायरवॉल भांडत असतील तर काय करायचं

फायरवॉल म्हणजे नेटवरून कॉम्प्युटरमध्ये काय येऊ द्यायचं आणि काय बाहेर जाऊ द्यायचं हे ठरवणारा पहारेकरी प्रोग्राम. आधी लक्षणं बघा, कारण बऱ्याच जणांचा प्रॉब्लेम हा नसतोच आणि मग उगाच सगळं उचकटून ठेवलं जातं.

त्याच वायफायवर फोनमध्ये व्हिडिओ धडाधड चालतोय, कॉम्प्युटरवर मात्र साधं पान उघडत नाही, आणि खाली कोपऱ्यात तर नेट कनेक्टेड दाखवतंय. किंवा कॉम्प्युटर चालू केल्यावर पहिली काही मिनिटं नेट झकास आणि मग अचानक गप्प. क्रोममध्ये 'युअर इंटरनेट ॲक्सेस इज ब्लॉक्ड' असा मेसेज येतो आणि खाली फायरवॉल किंवा अँटीव्हायरसचा उल्लेख असतो. लॅपटॉप स्लीपमधून उठवला की नेट गेलेलं, रीस्टार्ट केला की आलेलं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज येतो, आपला जात नाही. घरातलाच वायफाय प्रिंटर काल दिसत होता, आज 'ऑफलाइन'. एका कॉम्प्युटरवरचा टॅलीचा डेटा दुसऱ्यावरून उघडत नाही. एकाच प्रोग्रामला परवानगी द्यायची का म्हणून दोन वेगळ्या रंगाच्या खिडक्या दोनदा विचारतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निळा स्क्रीन, ज्यावर 'नेटआयओ डॉट सिस' असं काहीतरी लिहिलेलं असतं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील आणि हे सगळं नवा अँटीव्हायरस टाकल्यावर, जुन्याची मुदत संपल्यावर, व्हीपीएन (सगळं नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारा प्रोग्राम) टाकल्यावर किंवा विंडोजचा मोठा अपडेट झाल्यावर सुरू झालं असेल तर पुढे वाचा, तुमच्या मशीनवर बहुतेक दोन फायरवॉल आहेत.

आपल्या सोलापुरात हे एवढं का दिसतं तेही सांगतो. नवा लॅपटॉप घेतला की त्यात कंपनीनेच एका अँटीव्हायरसची ट्रायल टाकून दिलेली असते. दुकानदार वरून दुसऱ्या कंपनीचा 'टोटल सिक्युरिटी'चा बॉक्स देतो आणि तिथेच टाकूनही देतो, पहिला कोणी काढत नाही. वर्षाने मुदत संपते, नवी पेठेत जाऊन जो स्वस्त मिळेल तो तिसरा आणला जातो. हे सगळे नुसते अँटीव्हायरस नसतात हो, 'टोटल' आणि 'इंटरनेट सिक्युरिटी' नावाच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा फायरवॉलपण असतो. अशोक चौक, अक्कलकोट रोड भागात टॉवेल-चादरीचा हिशोब घरातल्याच कॉम्प्युटरवर ठेवणारे कितीतरी जण आहेत, त्यांना हे नेमकं जीएसटी रिटर्न भरायच्या २० तारखेला कळतं, आणि त्या दिवशी पोर्टलच स्लो असेल म्हणून दिवसभर वाट बघत बसतात. तेच पोर्टल फोनवर उघडून बघा. फोनवर उघडलं म्हणजे पोर्टलचा दोष नाही.

नेमकं होतं काय

विंडोजमध्ये स्वतःचा फायरवॉल आधीपासून असतोच. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) नेटवरून नुसता कनेक्ट केलेल्या कॉम्प्युटरमध्ये घुसत होता, त्यानंतर ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टने तो फायरवॉल सगळ्यांना चालूच करून दिला. पुढे व्हिस्टापासून विंडोजच्या पोटात 'विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म' आला. विंडोजचा फायरवॉल आणि बाहेरच्या कंपन्यांचे बरेचसे फायरवॉल आपले नियम याच एका ठिकाणी लावतात, काही जण वरून नेटवर्क कार्डावर (कॉम्प्युटरला नेटशी जोडणारा भाग) स्वतःचा वेगळा फिल्टरही बसवतात.

आता मुद्द्याची गोष्ट. दोन फायरवॉल असले की साधारणपणे ज्याने 'नाही' म्हटलं त्याचं चालतं. एका दाराला दोन कुलपं आणि किल्ल्या दोन भावांकडे, तसं आहे हे, एकाने उघडून काही उपयोग नाही. म्हणून तुम्ही एका फायरवॉलमध्ये क्रोमला, प्रिंटरला, टॅलीला हजार वेळा 'अलाऊ' केलं तरी दुसरा गप्प बसून अडवतच राहतो आणि तुम्हाला वाटतं सेटिंगच लागत नाहीये. पहिली काही मिनिटं नेट चालून बंद पडतं त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच, एक सर्व्हिस (मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम) लवकर सुरू होते आणि दुसरी मागाहून लोड होऊन आपले नियम लावते.

विंडोजचा एक आणि बाहेरचा एक, एवढ्याने सहसा भांडण होत नाही, कारण नीट बनवलेला बाहेरचा फायरवॉल विंडोजकडे आपली नोंद करतो आणि विंडोज स्वतःचा बाजूला घेतं. भांडण होतं ते बाहेरचे दोन एकत्र आले की, किंवा जुना काढला पण त्याचा फिल्टर आत राहिला की. राउटरमध्येही फायरवॉल असतो, तो यात धरायचा नाही, तो घराच्या बाहेरच्या कडेला बसतो आणि त्याचं कॉम्प्युटरमधल्या फायरवॉलशी असं भांडण होत नाही. राउटरचा फायरवॉल बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

फुकटातले चेक आधी

सगळ्यात पहिलं, फोनवर मोबाइल डेटा बंद करून फक्त वायफायवर नेट बघा. मोबाइल डेटा चालूच ठेवून 'फोनवर चालतंय' म्हणणारे खूप भेटतात. मग उलटं करा, फोनचा हॉटस्पॉट लावून कॉम्प्युटर त्यावर जोडा. हॉटस्पॉटवरही पान उघडत नसेल तर राउटर, केबलवाला, लाइट जाऊन येणं हे सगळं बाजूला पडलं, दोष कॉम्प्युटरच्या आतच आहे. या एका चेकने केबलवाल्याशी होणारं अर्धं भांडण वाचतं.

कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघा. जुन्या डेस्कटॉपमधला छोटा सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग बँकेच्या, जीएसटीच्या सुरक्षित साइट उघडत नाहीत. ते फायरवॉलसारखंच दिसतं पण तो प्रॉब्लेम पाच मिनिटांत आणि किरकोळ पैशात सुटतो.

आता खरा चेक. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, खाली डावीकडे सेटिंग्जचं चक्र आहे, त्यात 'मॅनेज प्रोव्हायडर्स'. इथे अँटीव्हायरस कोणता आणि फायरवॉल कोणता हे विंडोजच सांगतं. फायरवॉलखाली विंडोजचा सोडून दोन नावं दिसली की चोर सापडला. एकच दिसलं तरी लगेच खूश होऊ नका, कारण अर्धवट काढलेला किंवा नोंद न करणारा इथे दिसत नाही. म्हणून पुढे 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी सावकाश वरपासून खालपर्यंत वाचा. अँटीव्हायरस शब्दच शोधू नका. 'सेफ', 'वेब', 'शील्ड', 'प्रोटेक्ट', व्हीपीएन, जाहिराती अडवणारे प्रोग्राम, मुलांसाठी टाकलेले पॅरेंटल कंट्रोल, हे सगळे नेटच्या वाटेत बसू शकतात. व्हीपीएनमधला 'किल स्विच' तर व्हीपीएन बंद असताना नेटच तोडतो, त्याचं कामच ते आहे, आणि लोक आठवडाभर फायरवॉल शोधत बसतात.

मग नेटवर्क 'पब्लिक' आहे का 'प्रायव्हेट' ते बघा, सेटिंग्जमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसतं. प्रिंटर किंवा शेअर केलेला फोल्डर दिसत नसेल तर इथेच उत्तर असतं बऱ्याचदा. पब्लिक म्हणजे शेजारचं कोणी दिसायचंच नाही. गंमत अशी की बाहेरचा फायरवॉल ही गोष्ट स्वतःच्या यादीत वेगळी ठेवतो, म्हणजे विंडोजमध्ये प्रायव्हेट केलं तरी त्याच्या यादीत तेच वायफाय 'अनट्रस्टेड' असू शकतं, दोन्हीकडे बघावं लागतं. घरचं वायफाय असेल तरच प्रायव्हेट करा, एसटी स्टँडवरच्या किंवा लॉजच्या वायफायला नाही.

प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या ठिकाणाहून फिरवायची सोय) पण बघून घ्या, सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी. तिथे 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' चालू असेल आणि पत्ता १२७.०.०.१, म्हणजे हाच कॉम्प्युटर, असेल तर एखादा प्रोग्राम सगळं नेट स्वतःमधून फिरवत होता आणि जाताना ते तसंच सोडून गेला. घरगुती कॉम्प्युटरला हे लागत नाही, बंद करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हात लावू नका.

थोडे वेळखाऊ चेक

कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतंय का ते बघा, आकडे अर्थात इंग्रजीत टाकायचे. उत्तर येतंय पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही, तर लाइन ठीक आहे आणि मध्ये कोणीतरी नावावरून पत्ता शोधणं किंवा ब्राउझर अडवतंय. उत्तरच येत नसेल तर त्यावरून काही ठरवू नका, काही फायरवॉल पिंगच अडवतात.

आता एकेक बंद करून बघणं. बाहेरच्या फायरवॉलच्या मेनूमध्ये 'रीस्टार्टपर्यंत बंद' असा पर्याय शोधा. बंद केल्यावर विंडोजचा फायरवॉल चालू झालाय याची खात्री करा, नसेल तर हाताने चालू करा, दोन्ही बंद करून नेटवर बसायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. बंद केल्यावर नेट सुरू झालं तर तोच अडवत होता हे सिद्ध झालं. पण बंद करूनही नेट आलं नाही तर तो निर्दोष ठरत नाही! बंद म्हणजे फक्त त्याचे नियम बाजूला ठेवले, त्याचा फिल्टर ड्रायव्हर (तो फिल्टर चालवणारा छोटा प्रोग्राम) अजून नेटवर्क कार्डावर बसलेलाच असतो. हे न कळल्यामुळे लोक म्हणतात की 'ते तर बंद केलंय, ते नसणार' आणि चुकीच्या दिशेला जातात. मुदत संपलेल्या पॅकचंही तेच, मुदत संपली म्हणजे तो गेला असं नसतं, काही पॅक फक्त अपडेट घ्यायचे थांबतात, नेट तपासायचे नाहीत.

याच्यावर पक्की परीक्षा म्हणजे 'सेफ मोड विथ नेटवर्किंग'. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ५ दाबा. सेफ मोडमध्ये बाहेरचे फायरवॉल सहसा लोड होत नाहीत. तिथे नेट चाललं आणि नेहमीच्या मोडमध्ये नाही, म्हणजे बाहेरचंच काहीतरी अडवतंय. दोन सूचना : नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवायची सोय, विंडोजमध्ये तिचं नाव बिटलॉकर) चालू असेल तर या वाटेवर तो बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते बहुतेक, आधी फोनवरून उघडून लिहून घ्या आणि मगच हे करा. आणि काही लॅपटॉपचं वायफाय सेफ मोडमध्ये उठत नाही, राउटरला केबलने जोडून बघा.

कोणता ठेवायचा

माझं स्पष्ट मत, घरच्या कॉम्प्युटरला विंडोजचा फायरवॉल पुरतो. तो बाहेरून आपणहून येणारं सगळं अडवतो, ज्याला परवानगी दिलीय तेवढंच आत घेतो, आणि आतून बाहेर जाणारं सहसा जाऊ देतो. बाहेरच्या पॅकमध्ये आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला विचारायची सोय असते, ज्याला ते खिडक्या वाचून उत्तर द्यायची सवय आहे त्याने जरूर ठेवावा. पण घरात आजी, मुलं, सगळेच एक कॉम्प्युटर वापरतात आणि येईल त्या खिडकीला 'अलाऊ' दाबतात, मग त्या विचारण्याचा उपयोग काय. पैसे भरून घेतलेला आणि मुदत शिल्लक असलेला पॅक असेल तर तो ठेवा, काही हरकत नाही, फक्त मग दुसरा बाहेरचा कोणताच नको. काही पॅकमध्ये इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडलं की फायरवॉल सोडून फक्त अँटीव्हायरस टाकता येतो.

काढायची पद्धत

इथे घाई करू नका, इथली घाईच नंतर दुकानात नेते. आधी लायसन्स की लिहून घ्या. ज्या कंपनीचा काढताय तिचं रिमूव्हल टूल आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण काढल्यावर नेट गेलं तर मग ते आणणार कुठून. नॉर्टन, मॅकफी, कॅस्परस्की, ईसेट, अवास्ट सगळ्यांची अशी टूल आहेत आणि फुकट आहेत, पण फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर जे 'हेल्पलाइन नंबर' येतात त्यांना फोन करू नका, ते लोक तुमचा स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप टाकायला सांगतात आणि पुढे बँक खात्यापर्यंत जातात. हे मी कळकळीने सांगतोय, रिटायर्ड माणसांचे पैसे असेच जातात.

मग इन्स्टॉल्ड ॲप्समधून अनइन्स्टॉल, रीस्टार्ट, रिमूव्हल टूल, परत रीस्टार्ट. अवास्ट, ईसेटसारखी टूल सेफ मोडमध्ये चालवावी लागतात, टूल स्वतःच सांगतं. मधला रीस्टार्ट टाळू नका. चालू असलेला ड्रायव्हर विंडोज पुसत नाही, पुढच्या रीस्टार्टला पुसायची नोंद करून ठेवतं, तो झाला नाही तर टूल अर्धवट काम करतं. दोन बाहेरचे काढायचे असतील तर एकाचं पूर्ण झाल्यावरच दुसऱ्याला हात लावा.

एवढं झाल्यावर नेटवर्क ॲडॅप्टरच्या, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या, प्रॉपर्टीज उघडा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'नेटवर्क कनेक्शन्स', तुमच्या वायफायवर किंवा इथरनेटवर (केबलचं नेट) राइट क्लिक. चेकबॉक्सची यादी दिसेल. त्यात काढलेल्या कंपनीच्या नावाचा 'फिल्टर' अजून दिसतोय का बघा, दिसला तर तीच ती राहिलेली मुळी. आधी नुसती टिक काढा आणि नेट बघा, चाललं तर तो सिलेक्ट करून 'अनइन्स्टॉल' दाबा. 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स', 'क्यूओएस पॅकेट शेड्युलर' आणि इंटरनेट प्रोटोकॉलच्या दोन ओळी यांना हात लावायचा नाही, त्या विंडोजच्या आहेत. वायफाय आणि इथरनेट दोन्हीच्या याद्या वेगळ्या असतात, दोन्ही बघा.

तरीही नेट नाही, तर विंडोजच्या फायरवॉलमध्ये 'रिस्टोर डिफॉल्ट्स' आहे. त्याने तुम्ही किंवा टॅलीवाल्याने टाकलेले सगळे नियम जातात, म्हणून आधी ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट पॉलिसी' करून फाइल ठेवून घ्या. सर्व्हिसेसमध्ये 'बेस फिल्टरिंग इंजिन' आणि 'विंडोज डिफेंडर फायरवॉल' दोन्ही 'रनिंग' आणि 'ऑटोमॅटिक' हवेत. व्हिडिओत बघून काही जण ही फायरवॉलची सर्व्हिसच बंद करून टाकतात, ते करू नका. मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय की ती सर्व्हिस थांबवली तर स्टार्ट मेनू बंद पडू शकतो, स्टोअरची ॲप टाकता येत नाहीत, अपडेट होत नाहीत. फायरवॉल बंदच करायचा असेल तर त्याच्या सेटिंगमधून, सर्व्हिसमधून कधीच नाही.

शेवटचा घरगुती उपाय 'नेटवर्क रीसेट', ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये. हा सगळे ॲडॅप्टर काढून नव्याने बसवतो. वायफायचा पासवर्ड परत टाकावा लागतो आणि व्हीपीएन पुन्हा बसवावा लागू शकतो, म्हणून पासवर्ड लिहून घेतल्याशिवाय दाबू नका.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

सेफ मोडमध्येही नेट नाही आणि हॉटस्पॉटवरही नाही, तर हे फायरवॉलचं भांडण नसावं, कार्ड किंवा विंडोजच बिघडलेलं असू शकतं. निळा स्क्रीन परत परत येतोय. 'बेस फिल्टरिंग इंजिन' सुरूच होत नाही आणि 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतंय. विंडोजचा फायरवॉल चालू केला की आपोआप परत बंद होतोय, यात व्हायरस असायची शक्यता धरायला हवी, त्या मशीनवर बँकेचं काम तिथल्या तिथे थांबवा आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. कोणी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगची मूळ यादी) जाऊन ओळी पुसायला सांगतंय. ऑफिसचा लॅपटॉप आहे आणि सेटिंगमध्ये 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसतंय, तिथे तुमच्या आयटीवाल्यालाच फोन. यातलं काहीही असेल तर पुढचं काम तुमचं नाही.

माणूस आला की पहिल्यांदा टॅलीचा आणि फोटोंचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायला लावा, तुमच्या समोर. 'फॉर्मॅट मारावं लागेल' हे पहिलंच वाक्य असेल तर विचारा की रिमूव्हल टूल चालवलं का, ॲडॅप्टरमधला फिल्टर बघितला का, कारण या प्रॉब्लेमला फॉर्मॅटची गरज क्वचित लागते. फॉर्मॅट झालंच तर वरून फुकटचा क्रॅक केलेला अँटीव्हायरस टाकू देऊ नका. आणि विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा फॉर्मॅटचे पैसे देतच असाल तर मशीन विंडोज ११ घेतंय का ते त्याच वेळी विचारून घ्या.

सगळं नीट झाल्यावर लगेच बॉक्स कपाटात टाकू नका. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप एकदा स्लीपमधून उठवून नेट बघा, एक प्रिंट काढा, आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स' परत उघडून फायरवॉलखाली तुम्ही ठेवलेलं एकच नाव चालू आहे ना ते बघा. बॉक्सवर मुदत संपायची तारीख पेनने लिहा आणि त्या तारखेला नवा पॅक आणायच्या आधी जुना काढून टाका, दुकानात टाकून घेणार असाल तर त्याला आधी जुना काढायला लावा आणि पैसे नंतर द्या.